रकाने आणि सीमा : बेळगाव-निपाणी परिसराच्या मोजमापाचा इतिहास

देशादेशांची तुलना करणारी कोष्टके आज इतकी परिचयाची झाली आहेत, की दरडोई उत्पन्न, सरासरी आयुर्मान, बालमृत्यूचे प्रमाण किंवा नागरी लोकसंख्येची टक्केवारी या गोष्टी डोंगर-नद्यांसारख्या आपोआप अस्तित्वात असाव्यात, असा समज सहज होतो. वस्तुतः अशा कोष्टकातील भारताची प्रत्येक ओळ शेवटी कोणत्या तरी गावच्या दप्तरातील नोंदीवर, कोणा प्रगणकाने दारात उभे राहून विचारलेल्या प्रश्नावर किंवा एखाद्या परिचारिकेने लिहिलेल्या आकड्यावर उभी असते. आणि काय नोंदवायचे व काय सोडून द्यायचे हे ठरवणारी व्याख्या बहुधा त्या गावापासून फार दूर तयार झालेली असते. बेळगाव, निपाणी आणि त्यांच्या भोवतीचा सीमाभाग हा या प्रक्रियेच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचा प्रदेश आहे, कारण गेल्या दीडशे वर्षांत तो अनेक निकषांनी मोजला गेला, त्याच्या मधून राज्याची सीमा गेल्यामुळे त्याचे आकडे दोन वेगळ्या बेरजांत विभागले गेले, आणि अगदी अलीकडे आंतरराष्ट्रीय आरोग्य-संशोधनाच्या कोष्टकांत हा जिल्हा पाकिस्तान, केनिया, झांबिया व ग्वाटेमाला येथील प्रदेशांच्या शेजारी स्वतंत्र ओळ म्हणून छापला जाऊ लागला.

धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा १८३६ मध्ये अस्तित्वात आला. मुंबई इलाख्यातील पहिली पद्धतशीर जनगणना १८७२ मध्ये झाली, तर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानची एकाच रात्री शिरगणती करण्याचा पहिला प्रयोग १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झाला. या दोन गणनांच्या मध्ये १८७६-७८ चा दुष्काळ येऊन गेला होता आणि जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली होती. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८४ मध्ये निघालेल्या मुंबई गॅझेटियरच्या एकविसाव्या खंडात या जिल्ह्याची जी माहिती एकत्र झाली, ती वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते : खानापूरच्या बाजूला सह्याद्रीचे दाट जंगल आणि मुसळधार पाऊस, तर अथणी, गोकाक आणि परसगडकडे कोरडी, आभाळाकडे डोळे लावून बसणारी जमीन, अशी दोन टोके एकाच जिल्ह्याच्या सरासरीत बसवलेली होती. दुष्काळाची खरी झळ पूर्वेकडील तालुक्यांना बसली, पण वरिष्ठ कचेरीत पोहोचणारा आकडा साऱ्या जिल्ह्याचा होता. सरासरीचा हा दोष पुढे देशांच्या कोष्टकांतही तसाच उतरला; तेथे तो मोठा असल्यामुळे दिसेनासा होतो, एवढाच फरक.

त्याच दुष्काळात आणखी एक प्रश्न प्रथमच सरकारी कागदपत्रांत स्पष्टपणे मांडला गेला, तो म्हणजे माणसाला जगण्यासाठी किती अन्न लागते. हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ मध्ये मदतकामावरील मजुराला रोज एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेसा आहे असे ठरवले. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी तुरुंगातील कैद्यांच्या शिध्याचा आणि युरोपीय शरीरशास्त्रज्ञांच्या निष्कर्षांचा आधार घेऊन त्यास विरोध केला. आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने मुंबई इलाख्यातील मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. दादाभाई नवरोजी याच सुमारास, १८७६ मध्ये, हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे आणि केवळ जगण्यासाठी सुमारे ३४ रुपये लागत असल्याचे गणित मांडत होते. त्यांचाही दुसरा आकडा तुरुंगातील शिध्यासारख्या सरकारी खर्चावरूनच काढलेला होता. सरकार कैद्याला जे देते तेवढेही स्वतंत्र प्रजाजनाच्या वाट्याला येत नाही, हा त्यातील युक्तिवाद इतका नेमका होता, की त्याला उत्तर देण्यासाठी सरकारलाही आकडेच मांडावे लागले : १८८२ मध्ये सरकारी अंदाज २७ रुपयांचा निघाला आणि १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी तो ३० रुपयांवर नेला. दरडोई उत्पन्न, म्हणजे साऱ्या देशाच्या उत्पन्नाला लोकसंख्येने भागून येणारी रक्कम, ही कल्पना हिंदुस्थानात अर्थशास्त्राच्या वर्गातून आली नाही. ती वसाहतीच्या राज्यकारभारावरील वादातून आली, आणि म्हणूनच तिच्यात इंग्लंडशी तुलना पहिल्यापासून अध्याहृत होती.

मृत्यूंची नोंद हा याच इतिहासाचा दुसरा धागा आहे. गावातील जन्म-मृत्यू लिहून ठेवण्याचे काम पाटील-कुळकर्ण्यांकडे असे, आणि त्यांच्यासमोर कारणांचे थोडेच रकाने असत : पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि इतर. वैद्य किंवा डॉक्टरने न पाहिलेल्या माणसाच्या मृत्यूचे कारण गावकामगाराने ठरवायचे असल्यामुळे ‘ताप’ हा रकाना सर्वांत फुगलेला असे, व त्यात हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया आणि बाळंतरोग असे सारेच सामावून जाई. १८९३ मध्ये झाक बर्तीयों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्युकारणांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मांडले, त्याच्याच विस्तारित आवृत्त्या आज जागतिक आरोग्य संघटना वापरते. पण पॅरिसमध्ये तयार झालेले काटेकोर रकाने आणि चिकोडी तालुक्यातील एखाद्या गावच्या नोंदवहीतील ‘ताप’ यांच्यातील अंतर पुढील कित्येक दशके कोणत्याही आंतरराष्ट्रीय कोष्टकात दिसले नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि वर्ष-दीड वर्षात दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकात पसरला. मुंबईच्या साथीमुळे युरोपातील राष्ट्रे इतकी धास्तावली, की १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे केवळ प्लेगचा विचार करण्यासाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली व हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांवर आणि हज यात्रेकरूंवर निर्बंधांचे नियम ठरले. अशा परिषदांचा क्रम १८५१ पासून सुरू होता आणि आजच्या जागतिक आरोग्य-आकडेवारीचे मूळ बऱ्याच अंशी त्यांत आहे. मात्र कोणत्या देशात किती रोगी आहेत हे विचारण्यामागे त्या काळी आस्थेपेक्षा व्यापार-बंदरांची काळजी अधिक होती, हे नमूद करणे भाग आहे. १८९८ मध्ये हुबळीत हाफकिन यांच्या प्लेगप्रतिबंधक लसीचा फार मोठ्या प्रमाणावर वापर झाला आणि टोचलेल्या व न टोचलेल्या लोकांतील मृत्यूंची तुलना करणारी कोष्टके निघाली. १९०१ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ९,९३,९७६ भरली. त्याआधीच्या दशकापेक्षा ती सुमारे दोन टक्क्यांनी कमी होती. इन्फ्लुएंझाच्या १९१८ च्या साथीनंतर साऱ्या देशाचीच लोकसंख्या घटली, आणि १९११ ते १९२१ या दशकात हिंदी माणसाचे सरासरी आयुर्मान अवघ्या वीस वर्षांच्या आसपास आले, असे जनगणनेच्या आधारे काढलेले गणित सांगते. आयुर्मानाच्या या आकड्याचा अर्थ बहुतेक माणसे विशीत मरत होती असा नाही. लहान मुलांचे मृत्यू प्रचंड असल्यामुळे सरासरी तेवढी खाली ओढली जात होती.

बेळगावला या जागतिक कोष्टकांत केवळ मोजून घेणाऱ्याची भूमिका होती असे मात्र म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी टिळकवाडीत देवीची लस तयार करणारी संस्था उभी राहिली. तिच्या झाडीने भरलेल्या विस्तीर्ण आवाराला बेळगावकर अजूनही ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हणतात, जरी त्यांतील अनेकांना ते नाव कशामुळे पडले हे ठाऊक नसते. देवीची लस त्या काळी वासरांच्या कातडीवर वाढवली जाई आणि उष्ण हवेत ती लवकर निकामी होई, त्यामुळे घाटमाथ्याजवळचे बेळगावचे थंड हवामान उपयोगी होते. भारताने १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी-निर्मूलन कार्यक्रम हाती घेतल्यावर उष्णतेत टिकणाऱ्या शीतशुष्क लसीची, म्हणजे गोठवून वाळवलेल्या आणि वापराच्या वेळी द्रवात कालवायच्या लसीची गरज निर्माण झाली. ती तयार करणाऱ्या देशातील चार केंद्रांत मद्रासजवळील गिंडी, हैदराबाद आणि कुमाऊँमधील पटवाडांगर यांच्याबरोबर बेळगावचा समावेश होता. भारतातील शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. देशांच्या आरोग्य-कोष्टकातील एक अख्खा रकाना कायमचा रिकामा झाल्याचे हे एकमेव मोठे उदाहरण आहे, आणि त्या रिकामेपणात टिळकवाडीचाही वाटा आहे.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीला शास्त्रीय रूप देण्यासाठी सरकारने १९४९ मध्ये जी राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली, तिच्यात अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशिवाय दोनच सदस्य होते : पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि १९३१-३२ च्या उत्पन्नाचा पायाभूत अभ्यास करणारे व्ही. के. आर. व्ही. राव, ज्यांनी पुढे बंगळूरला सामाजिक व आर्थिक बदलांच्या अभ्यासाची संस्था स्थापली. सायमन कुझनेट्स आणि रिचर्ड स्टोन यांच्यासारखे परदेशी तज्ज्ञ सल्लागार म्हणून आल्यामुळे भारताचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीशी जुळवले गेले आणि देशाची ओळ इतर देशांच्या खाली-वर लावण्याजोगी झाली. समिती बारकाईने काम करीत असतानाच राज्यांच्या सीमा मात्र हलण्याच्या बेतात होत्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यातून वगळला गेला तो फक्त चंदगड तालुका, जो मुंबई राज्यातच राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. या निर्णयाविरुद्ध उभ्या राहिलेल्या लढ्याचा, खेडे हा घटक आणि भाषिक बहुसंख्या हा निकष धरणाऱ्या पाटसकर सूत्राचा, १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्राच्या दाव्याचा इतिहास स्वतंत्रपणे पुष्कळ लिहिला गेला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यायचे ते इतकेच, की त्या दिवसापासून तिलारी-ताम्रपर्णीच्या खोऱ्यातील एका शेतकऱ्याचे उत्पन्न मुंबई राज्याच्या, म्हणजे पुढे महाराष्ट्राच्या, बेरजेत आणि काही मैलांवरील त्याच्या सोयऱ्याचे उत्पन्न म्हैसूरच्या बेरजेत जाऊ लागले. १९५१ पर्यंतचे जिल्ह्याचे आकडे आणि १९६१ पासूनचे आकडे सरळ जोडता येत नाहीत. जोडायचे तर आधी चंदगड वजा करावे लागते. दोन्ही राज्यांनी पुढे आपापल्या हद्दीत मागासलेपण मोजण्याचे वेगवेगळे प्रयत्न केले. महाराष्ट्रात वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये ‘अनुशेष’ म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा एखादा जिल्हा किती मागे आहे त्याची रक्कम काढली, तर कर्नाटकात डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये पस्तीस निर्देशक वापरून ११४ तालुके मागास ठरवले. एकाने जिल्हा घेतला, दुसऱ्याने तालुका. त्यामुळे चंदगड आणि खानापूर यांची, एकाच पावसाच्या आणि एकाच जंगलाच्या या शेजाऱ्यांची, एकमेकांशी तुलना कोणत्याही सरकारी अहवालात झाली नाही.

राज्यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या, तर बेळगावच्या परिसरात तीन वेगळी जगे भेटतात असे वाटू शकते. नमुना नोंदणी पद्धतीच्या, म्हणजे निवडक गावे व नगरविभाग यांतील जन्म-मृत्यूंची सतत नोंद ठेवून साऱ्या राज्याचे प्रमाण काढण्याच्या पद्धतीच्या २०२० च्या अहवालात दर हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या कर्नाटकात १९, महाराष्ट्रात १६ आणि गोव्यात ५ होती, तर देशाची सरासरी २८ होती. ही पद्धत १९६९-७० पासून चालू आहे आणि देशाचा बालमृत्युदर जागतिक कोष्टकांत मुख्यतः तिच्यावरूनच जातो. पण जिल्ह्याविषयी काही सांगण्याइतका तिचा नमुना मोठा नसतो. जिल्हावार अंदाज देणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१५-१६ च्या फेरीपासूनच उपलब्ध झाली, म्हणजे देशाची तुलना जगाशी होऊ लागल्यानंतर कितीतरी दशकांनी या पाहणीवरून बेळगावची तुलना कोल्हापूरशी करता येऊ लागली.

काम म्हणजे काय, हा प्रश्न निपाणीइतका ठळकपणे फार थोड्या गावांत पुढे आला असेल. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत चाळणीची धूळ खात राबणाऱ्या आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांवर या गावाचा व्यापार उभा होता. १९६१ च्या जनगणनेत कामगाराची व्याख्या सैल होती, हंगामाच्या बहुतांश काळात रोज तासभर नियमित काम करणारी व्यक्तीही तीत बसत असे, आणि देशातील जवळपास २८ टक्के स्त्रिया कामगार ठरल्या होत्या. १९७१ मध्ये प्रगणकाला आधी ‘मुख्य उद्योग’ विचारण्यास सांगितले गेले. ‘घरकाम’ असे उत्तर आले की बाई अकामकरी, मग ती दिवसाला शेकडो विड्या वळत असो. प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. देशातील स्त्रियांनी दहा वर्षांत काम सोडले नव्हते, प्रश्न बदलला होता. १९८१ पासून मुख्य आणि सीमान्त असे कामगारांचे दोन वर्ग करून हा गोंधळ काही अंशी निस्तरण्यात आला. गंमत अशी, की कायदा याबाबतीत जनगणनेच्या पुढे होता : विडी व सिगार कामगारांविषयीच्या १९६६ च्या कायद्याने मालकाकडून वा ठेकेदाराकडून पान-तंबाखू घेऊन घरी विड्या वळणाऱ्या व्यक्तीलाही कामगार मानले होते. निपाणीच्या स्त्रियांनी १९८० च्या सुमारास चिकोडी तालुका कामगार महासंघात संघटित होऊन जो हक्क मागितला, आणि ज्यावर छाया दातार यांनी सविस्तर अभ्यास केला, त्याचा गाभा एका दृष्टीने आपली कामगार म्हणून नोंद व्हावी हाच होता. स्त्रियांच्या श्रमसहभागाच्या जागतिक कोष्टकात भारत तळाशी का दिसतो, याची चर्चा करणाऱ्यांनी परंपरा, शिक्षण आणि उत्पन्न यांच्या आधी प्रश्नावली वाचावी, असे निपाणीचे उदाहरण सुचवते.

व्याख्येचा असाच परिणाम बेळगाव शहराच्या दक्षिणेस, खानापूर-गोवा रस्त्यावरील पिरनवाडीत दिसतो. उद्यमबागेतील फाउंड्र्या आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने, पलीकडे मच्छे येथील औद्योगिक वसाहत, यांमुळे भातशेतीच्या या गावात शहरात रोजगाराला जाणाऱ्यांची वस्ती वाढत गेली आणि जनगणनेने त्याला ‘जनगणना नगर’ ठरवले. जनगणना नगर म्हणजे नगरपालिका नसतानाही तीन कसोट्यांवर शहर समजले जाणारे गाव : किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिसरी कसोटी केवळ पुरुषांवर लावली जाते. घरातील बाई भाताची लावणी करीत असली तरी गावाच्या ‘शहर’पणाला त्याने बाधा येत नाही. अशा गावाची स्थिती विचित्र असते, कारण ग्रामपंचायत असेपर्यंत ते कारभाराच्या दृष्टीने खेडे आणि आकडेवारीच्या दृष्टीने शहर राहते. पिरनवाडीला पुढे पट्टण पंचायत, म्हणजे कर्नाटकातील छोट्या नगराची स्थानिक संस्था मिळाली. २००१ मध्ये देशात १,३६२ जनगणना नगरे होती, २०११ मध्ये ती ३,८९४ झाली, आणि त्या दशकातील नागरीकरणाच्या वाढीचा मोठा हिस्सा अशा पिरनवाड्यांच्या पुनर्वर्गीकरणातून आला.

२०११ मध्ये भारताची नागरी लोकसंख्या ३१ टक्के होती. संयुक्त राष्ट्रांच्या कोष्टकात हाच आकडा इतर देशांच्या आकड्यांशेजारी बसतो, पण डेन्मार्कमध्ये दोनशे माणसांची सलग वस्तीही नागरी गणली जाते आणि जपानमध्ये शहराचा दर्जा मिळण्यासाठी साधारणपणे ५०,००० लोकसंख्या लागते. पिरनवाडी डेन्मार्कमध्ये असती, तर ती कारखान्यांच्या कितीतरी आधी शहर झाली असती. हा विसंवाद दूर करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये ‘नागरीकरणाची पातळी’ ही पद्धत मान्य केली, जिच्यात प्रशासकीय हद्दी बाजूला ठेवून जमिनीचे एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडले जातात आणि त्यांतील वस्तीच्या घनतेवरून शहर, नगर व ग्रामीण भाग ठरतो. या पद्धतीने भारत आजवर समजला जातो त्यापेक्षा पुष्कळ अधिक नागरी ठरतो. मात्र मजूर कोणत्या कामावर जातात हा प्रश्न या चौकोनांना पडतच नाही, आणि म्हणून तुलना सोपी होते तेव्हा माहिती किती गमावली जाते, याचाही तो नमुना आहे.

टेंपल-कॉर्निश वादातील ‘किती अन्न पुरते’ हा प्रश्न शतकानंतर पुन्हा उभा राहिला आणि या वेळी त्याची दोन्ही टोके मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या हातात होती. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९५१ पासून सुमारे वीस वर्षे रोममध्ये अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. जगातील दोन-तृतीयांश माणसे उपाशी आहेत, असे विधान तेव्हा लॉर्ड बॉइड ऑर यांच्या नावाने सर्वत्र फिरत होते. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात उपासमार आणि कुपोषण या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, सरासरी गरजेऐवजी माणसामाणसांतील फरक लक्षात घेऊन एक खालची मर्यादा धरली, आणि दहा ते पंधरा टक्के लोक प्रत्यक्ष अपुऱ्या अन्नावर जगतात असा अंदाज दिला. पुण्यात दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोज २,२५० उष्मांक ही कसोटी धरून ग्रामीण भागातील ४० टक्के आणि नागरी भागातील ५० टक्के लोक दरिद्री असल्याचे दाखवले, तेव्हा सुखात्म्यांना ती कसोटी फार वरची वाटली; १९८० च्या दशकाच्या आरंभी सुखात्मे आणि दांडेकर यांच्यात झालेला वाद भारतीय अर्थशास्त्रातील सर्वांत मूलगामी वादांपैकी एक होता. सुखात्म्यांचा आग्रह असा, की शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. दांडेकरांची शंका अशी, की या जुळवून घेण्याची किंमत कोण मोजणार. प्रस्तुत लेखकाच्या मते दांडेकरांची शंका अधिक वजनदार होती, कारण ‘लहानखुरी पण निरोगी’ म्हणून ज्या शरीरांचे समर्थन त्या विचारातून पुढे निघाले, त्या शरीरांची श्रमशक्ती आणि बाळंतपणातील धोके त्यात धरले गेले नव्हते. पण पद्धती म्हणून सुखात्मेच टिकले. अन्न व कृषी संघटना आज देशोदेशींच्या अल्पपोषणाचे जे प्रमाण जाहीर करते, ते त्यांच्याच मांडणीचे वंशज आहे, आणि जागतिक भूक निर्देशांकाच्या चार घटकांपैकी तो एक आहे. २०२३ मध्ये या निर्देशांकात १२५ देशांत भारताचा क्रमांक १११ लागला, तेव्हा सरकारने ती पद्धत सदोष ठरवून फेटाळली. तिच्या एका मुळाचा पत्ता खटाव तालुक्यातील आहे, हे त्या चर्चेत कोणाच्या ध्यानात आले नाही.

बेळगावने मोजमापाच्या साधनांत घातलेली सर्वांत मोठी भर मात्र बाळंतपणाशी संबंधित आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेले येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय २००१ पासून माता-बाल आरोग्यसंशोधनाच्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्यात सहभागी आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे जगातील प्रमुख कारण असले, तरी रक्त किती गेले हे सुईण किंवा डॉक्टर नजरेनेच ठरवीत असत. डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणीच्या खाली अंथरायची, नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी आणि मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची साधी पिशवी वापरली, तेव्हा नजरेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरतो असे आढळले. याचा अर्थ असा, की रक्तस्रावाचे देशोदेशींचे जुने आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी होते आणि ते किती कमी होते हे पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून होते. याच पिशवीच्या आधारे २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत, घरी किंवा उपकेंद्रात परिचारिकांच्या हातून बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल या स्वस्त, शीतपेटीची गरज नसलेल्या गोळीची चाचणी झाली. गोळी न मिळालेल्या स्त्रियांत १२ टक्क्यांना, तर मिळालेल्यांत ६.४ टक्क्यांना रक्तस्राव झाला. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

त्याच जाळ्याने पुढे गरोदरपणापासून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत प्रत्येक स्त्रीची नोंद ठेवणारी वही सुरू केली, आणि तिच्यावर आधारलेल्या शोधनिबंधांत बेळगाव, नागपूर, पाकिस्तानातील ठट्टा, पश्चिम केनिया, झांबिया आणि ग्वाटेमालातील चिमाल्तेनांगो यांच्या ओळी एकाखाली एक छापल्या जाऊ लागल्या. राज्याच्या किंवा देशाच्या सरासरीत न विरघळता एका जिल्ह्याला स्वतःची ओळ मिळण्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे, आणि ते शक्य झाले ते सगळीकडे एकच व्याख्या, एकच प्रश्नावली आणि गावागावांतून फिरणाऱ्या नोंदणी कार्यकर्त्यांमुळे. खुणांची पिशवी मात्र या जाळ्याच्याही पलीकडे गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर तशाच मोजपिशवीने रक्तस्राव वेळेत ओळखण्याची आणि लगेच एकत्रित उपचार करण्याची पद्धत तपासली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्त मोजून पाहण्याची शिफारस केली, आणि ५०० मिलिलिटरची जुनी मर्यादा गाठण्याची वाट न पाहता ३०० मिलिलिटरला नाडी वा रक्तदाब बिघडलेला दिसताच उपचार सुरू करावेत असे सांगितले. रक्त खरोखर मोजले जाऊ लागल्यावर नजरेच्या अंदाजावर आधारलेले जुने दर आणि पिशवीने मोजलेले नवे दर एकाच आलेखावर जोडता येत नाहीत. ज्या प्रदेशात मोजपिशवी आधी पोहोचली, तेथे रक्तस्रावाचे नोंदलेले प्रमाण काही काळ शेजाऱ्यापेक्षा वाईट दिसणे अपरिहार्य आहे.